आतल्यांचा न्याय आणि बाहेरच्यांचा: वाळूजमधल्या एका खोलीचं प्रकरण

हे प्रकरण कुठल्याही एका ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासद-समूहाचं, जसंच्या तसं नाही. मराठवाड्यातल्या छोट्या मंडळ्यांमध्ये असे प्रसंग ज्या वळणांनी जातात, ती वळणं जुळवून ते मांडलं आहे, म्हणून त्यात गावाचं किंवा माणसांचं नाव नाही. शास्त्रातल्या आणि कायद्यातल्या गोष्टी मात्र आहेत तशाच दिल्या आहेत. पाळक (चर्चचे धर्मगुरू), पंच (मंडळीचा कारभार पाहणारे) आणि तरुण संघ चालवणाऱ्यांना त्या उपयोगी पडाव्यात.

काय घडलं

जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मंडळीत ऐंशीएक घरं, आणि बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीत कामाला. त्यातलाच एक 27 वर्षांचा तरुण. बाप्तिस्मा लहानपणी झालेला, दृढीकरण, म्हणजे आपल्या तोंडाने विश्वासाचं वचन देण्याचा विधी, 16व्या वर्षी. शनिवारी रात्री गावी येतो, रविवारी उपासनेत कीबोर्ड वाजवतो. वडील पंचकमिटीवर आहेत.

तिथल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, बजाजनगरला, त्याची भाड्याची खोली आहे. आठ महिन्यांपासून त्याच्या कंपनीतली एक मुलगी तिथेच राहते. ती 24 वर्षांची, परभणी जिल्ह्यातल्या हिंदू घरातली. लग्न झालेलं नाही. वाळूजला यात कोणाला काही वाटत नाही. 1985 मध्ये बजाजचा कारखाना आला तेव्हापासून बीड, परभणी, हिंगोली, लातूरची पोरं तिथे खोल्या करून राहतात. भाडं वेळेवर आलं की घरमालक बाकी विचारत नाही.

मंडळीतल्या एकाने दोघांना भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना पाहिलं आणि फोटो काढला. तो महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या एका तरुणासाठी विशेष प्रार्थना करा.’ नाव नव्हतं, पण चेहरा स्पष्ट होता. संध्याकाळपर्यंत तो तरुण संघाच्या आणि दोन नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचला.

त्या आठवड्यात पंचकमिटी बसली तेव्हा पाच मागण्या समोर आल्या. मुलाचं प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) बंद करा. उपासनेत नाव घेऊन जाहीर करा. वडिलांचा राजीनामा घ्या. घरमालकाला भेटून खोली खाली करायला लावा. मुलीच्या घरी कळवा.

दोन अर्धी वचनं

बैठकीत ज्येष्ठांनी 1 करिंथ 5 (प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र, अध्याय 5) मधलं शेवटचं वाक्य धरलं: दुष्टाला आपल्यातून काढून टाका. तरुण संघाच्या मुलांनी मत्तय 7 मधलं पहिलं वाक्य धरलं: दोष काढू नका. दोन्ही बाजूंनी अर्धंच वाचलं, आणि अशा प्रकरणांत बहुतेक वेळा गाडं इथेच अडतं.

मत्तय 7 पहिल्या ओवीवर थांबत नाही. पाचव्या ओवीत येशू सांगतो की आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. ते डोळ्यात राहू देणं ही भावावर माया नाही. ‘आपण कोण बोलणारे’ म्हणून गप्प बसणाऱ्यांना हा उतारा आधार देत नाही.

1 करिंथचा पाचवा अध्याय तर अशा प्रसंगी ओवी-ओवीने, सगळ्यांनी मिळून वाचावा. करिंथ हे बंदराचं शहर होतं, तऱ्हेतऱ्हेची माणसं, देवळं, पैसा. तिथल्या मंडळीतला एक माणूस बापाच्या बायकोबरोबर राहत होता आणि मंडळी ते मिरवत होती. पौल त्यावर कडक बोलतो. पण नवव्या ओवीपासून तो एक गैरसमज दूर करतो. आधीच्या पत्रात त्याने जारकर्म्यांची संगत धरू नका असं लिहिलं होतं. तो म्हणतो, ते या जगातल्या लोकांबद्दल नव्हतं, तसं असतं तर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागलं असतं. ते स्वतःला बंधू म्हणवणाऱ्यांबद्दल होतं. आणि बाराव्या ओवीत उघड विचारतो की बाहेरच्यांचा न्याय करण्याशी मला काय कर्तव्य? बाहेरच्यांचा न्याय देव करील.

पाच मागण्यांपैकी शेवटच्या दोन इथेच गळून पडतात. घरमालक बाहेरचा, मुलगीही बाहेरची. तिने दृढीकरणात कुठलं वचन दिलेलं नाही. ज्या गावातून दिंडी जाते तिथे हे समजावून सांगावं लागू नये. माळकऱ्याने मटण खाल्लं तर त्याचे सोबती त्याला विचारतात, पण ज्याने माळच घातली नाही त्याच्या ताटात कोणी डोकावत नाही. मुलाने मात्र आपल्या तोंडाने वचन दिलं होतं. त्याला विचारणं मंडळीचा हक्क आहे, आणि कर्तव्यही.

अकराव्या ओवीतली यादी सहसा घाईने वाचली जाते. जारकर्म्याच्या सोबतीने तिथे लोभी आहे, मूर्तिपूजक आहे, चहाड्या-निंदा करणारा आहे, दारुड्या आहे, लुबाडणारा आहे. सगळे एकाच वाक्यात आणि एकाच शिक्षेला पात्र. फोटो फिरवणारी व्यक्ती त्या वाक्यात आहे. आणखी कोण आहे ते पुढे कळलं.

चार प्रश्न वेगळे केले

पाळकसाहेबांनी पहिल्या बैठकीत निर्णय होऊ दिला नाही, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. त्यांनी विषय चार भागांत तोडला. खरं काय आहे? कुठला नियम मोडला? तो नियम कोणाला लागू आहे? विचारायचं कोणी आणि कसं? पहिल्या प्रश्नाला बैठकीत उत्तरच नव्हतं. एक फोटो होता आणि त्यात भाजी होती. मुलाला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. नीतिसूत्रे 18:13 ऐकून घेण्याआधी उत्तर देण्याला मूर्खपणा म्हणतं.

फोटोबद्दल त्याच रात्री पाऊल उचललं. नुसतं ‘डिलीट करा’ म्हणून भागत नाही, कारण त्याने कुजबुज वाढते. ग्रुपवर पाळकांनी लिहिलं की मत्तय 18 प्रमाणे पहिली पायरी एकट्याने भेटण्याची आहे, ती वगळून हा फोटो इथे आला, हे चुकीचं झालं, ज्यांच्याकडे आहे त्यांनी काढावा आणि पुढे पाठवू नये. प्रार्थनेसाठी विषय देताना दुसऱ्याचा चेहरा लागत नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा दावा होऊ शकतो, आणि त्या फोटोतल्या मुलीने तर मंडळीचा उंबराही ओलांडलेला नव्हता.

वडिलांच्या राजीनाम्याची मागणी 1 तीमथ्य 3 चा आधार घेऊन आली होती: ज्याला आपलं घर चालवता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार. तो उतारा घरातल्या लेकरांबद्दल आहे. कमावता, 27 वर्षांचा मुलगा त्यात बसत नाही, आणि यहेज्केल 18:20 मुलाचं पाप बापावर टाकू देत नाही. वडील पद न सोडता या विषयापुरते बाहेर बसले. तेवढं पुरेसं होतं.

एकट्याची भेट

भेट मुलाच्या सुटीच्या दिवशी वाळूजमध्येच झाली. गावातल्या घरी घेतली असती तर आईचं रडणं आणि शेजाऱ्यांचे कान दोन्ही आड आले असते. कंपनीच्या गेटवर तर अजिबात घेऊ नये. दीड-दोन तास मोकळे ठेवावेत.

विचारायच्या गोष्टी मोजक्या. बोललं जातंय ते खरं आहे का? तुम्ही एकमेकांना काय शब्द दिला आहे? याचा भार कोणावर पडतोय? दृढीकरणात दिलेलं वचन यावर काय म्हणतं, असं तुलाच वाटतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडून यावं, आपण भरवू नये. शरीरसंबंधाचा तपशील विचारू नये, त्याने न्यायाला मदत होत नाही. आणि ‘मंडळी काय म्हणेल, मुलीकडचे काय म्हणतील’ हे वाक्य टाळावं. 2011 च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी होते. एवढ्या लहान समाजाला अब्रूची भीती असणं साहजिक आहे, पण ती भीती पुढे केली की पापाची गोष्ट मागे पडते आणि फक्त लपवण्याची कला शिकवली जाते.

मुलाने नाकारलं नाही. लग्न करायचं आहे म्हणाला. अडलं कुठे? धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, दुसऱ्या तालुक्यातल्या ख्रिस्ती घरात. त्यांनी 4 तोळे सोनं आणि मोटारसायकल मागितली होती. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा 11,500 रुपयांचा हप्ता मुलाच्या 22,000 च्या पगारातून जात होता. बहिणीचं उरकेपर्यंत स्वतःचं काढायचं नाही असं घरात ठरलं होतं. खोलीचं भाडं अर्धं पडतं हेही त्याने सांगितलं, आणि तेच खरं कारण नाही हेही आपणहून सांगितलं.

ही मागणी पंचकमिटीतल्या प्रत्येकाला माहीत होती. साखरपुड्याला सगळे जेवले होते, लग्नाच्या चिठ्ठ्या (ठरलेल्या लग्नाची उपासनेतली जाहीर सूचना) वाचायची तारीखही ठरली होती. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा. देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा, किमान 5 वर्षांची कैद, दंड किमान 15,000 रुपये किंवा हुंड्याची रक्कम, जे जास्त असेल ते. पौलाच्या यादीतला ‘लोभी’ मंडळीत पाहुणा म्हणून बसला होता आणि त्याला पान वाढलं जात होतं.

इथे एक मोह होतो: बैठकीत उभं राहून ‘तुमच्यात हुंडा कोणी घेतला नाही ते सांगा’ असं विचारावं. पाळकांनी तसं केलं नाही, आणि ते बरोबर होतं. तसं केलं असतं तर हुंडा हा मुलाच्या बचावाचा मुद्दा झाला असता. एकाच्या पापाने दुसऱ्याचं पाप धुतलं जात नाही. हुंड्याचा विषय त्यांनी स्वतंत्रपणे पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला.

दोघांची भेट, आणि एक फोन

मत्तय 18:16 प्रमाणे दुसऱ्या भेटीला आणखी दोघे गेले. एक पंचांपैकी, दुसरा मुलाने स्वतः निवडलेला. हा दुसरा माणूस फार कामाचा असतो, कारण त्याच्यासमोर मुलाला ही चौकशी वाटत नाही. गलती 6:1 भावाला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगतं, आणि ज्याला सौम्यता जमत नाही त्याला या भेटीला नेऊच नये.

तरी चूक झालीच. पंच म्हणाले, ‘पोरीला बाप्तिस्मा घ्यायला सांग, लगेच लग्न लावू, विषय संपला.’ चांगल्या मनाने बोलले, पण बाप्तिस्मा हा परवाना नाही. विश्वास नसताना लग्नासाठी पाण्यात उतरवलेली मुलगी मंडळीवर आयुष्यभर संशय घेईल, आणि तिचा संशय रास्त असेल. मुलाने तिथल्या तिथे नकार दिला.

ठरलं ते असं. लग्न होईपर्यंत दोघे वेगळे राहतील. खोली मुलगा सोडेल, मुलगी नाही. आपला नियम त्याला लागू आहे, तेव्हा त्याची किंमत त्याने मोजायची. तिला एकटीला भाडं परवडत नव्हतं म्हणून अर्धं भाडं तो दोन महिने देत राहील. तीन महिने तो आपणहून प्रभुभोजन घेणार नाही आणि कीबोर्डवर बसणार नाही, उपासनेला मात्र येईल. फेरविचाराची तारीख आजच लिहायची. शिस्तीला तारीख नसली की ती हळूहळू बहिष्कार होते. कार्यवृत्तात एकच ओळ, नावाशिवाय: ‘शिस्तीचा एक विषय पाळकांकडे सोपवला.’

या दरम्यान मंडळीतल्या कोणीतरी परभणीला फोन केला. आधीच नको ठरलेली गोष्ट. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आणि चुलते वाळूजला आले आणि तिला घेऊन गेले. तिचा मोबाइल काढून घेतला, नोकरीवर खाडा पडला. ती सज्ञान होती आणि आईने बाजू घेतली, म्हणून दोन आठवड्यांनी परत येऊ शकली. असे फोन नेहमी इतक्यावर थांबत नाहीत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी प्रकरणात सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुठल्याही जमावाला किंवा पंचायतीला आडवं येता येणार नाही, आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणाची जबाबदारी पोलिसांवर टाकली. बाहेरच्यांचा न्याय आपल्याकडे नाही या ओवीचा अर्थ तत्त्वचर्चेत सौम्य वाटतो. इथे एका मुलीच्या जिवाला धोका होता, आणि तो धोका देवाच्या नावाने आला.

शिस्त कुठे संपते, बहिष्कार कुठे सुरू होतो

लग्नाशिवाय एकत्र राहणं हा दोन सज्ञान, अविवाहित माणसांसाठी गुन्हा नाही. उलट 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात विवाहसदृश संबंधातल्या स्त्रीलाही संरक्षण आहे. मंडळीचा मापदंड राज्याच्या मापदंडाहून वेगळा आणि कडक आहे, असायलाही हरकत नाही, पण तो राबवायला पोलीस, घरमालक किंवा कंपनी उसनी घेता येत नाही.

दुसरी बाजूही पाहावी लागते. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 चा, 3 जुलै 2017 पासून लागू. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो जातपंचायतींच्या जाचातून आला असला तरी ‘आमची मंडळी म्हणजे जातपंचायत नाही’ एवढं म्हणून सुटका होत नाही. सामाजिक किंवा धार्मिक कार्यात भाग घ्यायला अडवणं, संबंध तोडायला लावणं, दफनभूमी नाकारणं हे सगळं त्यात येतं. सभासदाला बहिष्कृत करण्याच्या धर्मसंस्थेच्या अधिकाराबाबत 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा प्रकरणात 1949 चा मुंबईचा बहिष्कृतीविरोधी कायदा रद्द ठरवला होता. 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांसमोर पाठवला. तेव्हा मंडळीने सुरक्षित आणि शास्त्राला धरून असलेली वाट घ्यावी. सभासदाने समजून-उमजून, ठरलेल्या मुदतीसाठी प्रभुभोजनापासून आपणहून दूर राहावं. सेवेच्या जागा, म्हणजे वाद्य, पद, शब्बाथ शाळेचा वर्ग, मुदतीपुरत्या थांबवाव्यात. आजारपणातली भेट, दफन, घरच्यांची लग्नं, बोलणं-चालणं, उसनवारी यांना हात लावू नये. पूर्ण कुटुंबाला तर कधीच नाही. या प्रकरणात ‘त्यांच्या पोरीच्या लग्नाला जायचं नाही’ अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा पाळक स्वतः त्या घरी प्रार्थनेला गेले आणि ती थांबली.

जालन्याच्या मंडळ्यांना बहिष्कार हा शब्द परका नाही. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवणारे नारायण शेषाद्री 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याकडे होता, त्याला न्यायालयाने वडिलांच्या हवाली केलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्या म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर बहिष्काराची झळ त्यांनाही बसली. ज्यांच्या मंडळीची सुरुवात अशी झाली त्यांनी दार बंद करताना दोनदा विचार करावा.

मुलीची भेट

ती परत आल्यावर तिनेच भेट मागितली. पाळक पत्नीसह गेले. तिचा प्रश्न सरळ होता: ‘तुमच्या चर्चचा माझ्यावर काय आक्षेप आहे?’ उत्तरही सरळ मिळालं: काही नाही, तुम्ही आम्हाला कुठलं वचन दिलेलं नाही. मग ती म्हणाली, ‘मग माझा फोटो कामून फिरवला?’ त्याला पाळकांकडे माफीशिवाय उत्तर नव्हतं.

तिला माहिती हवी होती ती दिली. विशेष विवाह कायदा 1954 चा. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास हवा. नोटीस दिली की ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथेही एक प्रत जाते, आणि दोघे इतके दिवस त्यालाच घाबरत होते. 30 दिवसांनी लग्न, तीन साक्षीदार. नोटिशीपासून तीन महिन्यांत झालं नाही तर नोटीस रद्द. एक गोष्ट बहुतेक कोणी सांगत नाही: या कायद्याने ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं की हिंदू एकत्र कुटुंबातून ती वेगळी झाली असं कलम 19 धरतं. वारसाहक्क बुडत नाही, पण हे आधी माहीत असावं. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने एकच पक्ष ख्रिस्ती असला तरी चर्चमध्ये लग्न लागू शकतं. ते लावायचं की नाही हे मात्र त्या-त्या चर्चच्या नियमावर असतं.

पुढे काय झालं

मुलाला खोली सोडायला पाच आठवडे लागले, कारण दुसऱ्या खोलीची अनामत जमत नव्हती. बहिणीचं लग्न झालं. मुलाने हुंड्याचं आपल्या घरात स्पष्ट सांगितल्यावर मोटारसायकल सुटली, सोनं सुटलं नाही. चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. पाळकांनी त्या वाचायला नको होत्या, असं आमचं मत आहे. मुलाला तीन महिने थांबवलं आणि सोनं घेणाऱ्याला त्याच वेदीसमोर आशीर्वाद दिला, हे मापात बसत नाही.

तीन महिन्यांनी ठरल्या तारखेला पाळक आणि तो बोलले. पुढच्या प्रभुभोजनाला तो रांगेत होता, घोषणा झाली नाही. 2 करिंथ 2 मध्ये पौल शासन झालेल्याला क्षमा करा, त्याला जवळ घ्या म्हणतो, ते इतकंच साधं असायला हवं. पुढे दोघांचं लग्न छत्रपती संभाजीनगरला नोंदणीने झालं. मुलीची आई आली, वडील आले नाहीत. ती हिंदूच आहे. मंडळीतलं एक घर ‘इथे शिस्त राहिली नाही’ म्हणून दुसऱ्या संगतीला जाऊ लागलं.

हुंड्याच्या विषयावर पंचकमिटीने चिठ्ठ्यांच्या अर्जात एक ओळ घातली: दोन्ही घरांनी काही मागितलं किंवा दिलं नाही अशी सही. चार विरुद्ध तीन मतांनी. फोटो टाकणाऱ्या बाईंनी मुलाच्या आईची माफी मागितली. परभणीला फोन कोणी केला हे मंडळीत माहीत आहे, पण त्या माणसाकडे मत्तय 18 ची पहिली पायरीही अजून कोणी चढलेलं नाही, आणि मुलीकडे माफी मागायला पाळकांशिवाय कोणी गेलेलं नाही. ती दोन्ही कामं पंचकमिटीच्या पुढच्या बैठकीसमोर आहेत.